मँचेस्टरचे गांधीजी आणि आपल्या पूर्वजांची नावे

मँचेस्टर शहराच्या जुन्या भागात, कॅथेड्रलच्या बाहेर, महात्मा गांधींचा नऊ फूट उंचीचा ब्राँझचा पुतळा उभा आहे. २५ नोव्हेंबर २०१९ रोजी त्याचे अनावरण झाले. व्हिक्टोरिया स्टेशनातून उतरून शहराकडे निघालेला माणूस पाच-दहा मिनिटांत तिथे पोहोचतो. बहुतेक लोक घाईत असतात, ते न थांबता पुढे जातात. आपल्यापैकी जे कोणी कामासाठी, शिक्षणासाठी किंवा मुलाबाळांकडे मँचेस्टरला जातील, त्यांनी मात्र तिथे थोडे थांबावे, असे आम्हाला वाटते. एक कारण म्हणजे हा पुतळा घडवणारे हात मराठी आहेत. धुळे जिल्ह्यातील गोंदूर या गावी १९ फेब्रुवारी १९२५ रोजी जन्मलेले शिल्पकार राम सुतार यांचे ते काम. दुसरे कारण जरा अवघड आहे आणि हा लेख मुख्यतः त्यासाठीच आहे.

आगमन शताब्दी म्हणताना आपण शंभर हा आकडा काटेकोरपणे मोजत नाही. मॉरिशसच्या किनाऱ्यावर आपले मराठी पूर्वज उतरू लागले त्याला शंभराहून कितीतरी अधिक वर्षे लोटली. कोणाच्या घराण्याला दीडशे वर्षे झाली, कोणाच्या त्याहून जास्त. पण असे स्मरणाचे निमित्त आले की एक प्रश्न हमखास निघतो. आपल्या पूर्वजांचे स्मारक कुठे आहे? कोणी म्हणते, एखाद्या मोठ्या पुढाऱ्याचा पुतळा करावा. कोणी म्हणते, बोट, ऊस आणि विळा असे काहीतरी कोरावे. कोणी म्हणते, नुसती एक शिळा पुरे. या वादात आम्हीही पडलो आणि पडल्यावर लक्षात आले की इतर गावांनी हा प्रश्न कसा सोडवला, हे आधी पाहिले पाहिजे. मँचेस्टरमध्ये चालत फिरता येईल एवढ्या अंतरात अशी चार स्मारके आहेत आणि चौघांचाही कुठे ना कुठे आपल्याशी संबंध पोहोचतो. म्हणून हे शहर निवडले.

आधी गांधींच्या पुतळ्याची हकिगत. २२ मे २०१७ च्या रात्री मँचेस्टर अरीनामध्ये गाण्याचा कार्यक्रम संपून लोक बाहेर पडत असताना बाँबस्फोट झाला आणि २२ निरपराध माणसे मेली. त्यांत लहान मुले होती. त्या घटनेनंतर शहराला शांततेचा आणि एकोप्याचा काही संदेश द्यावा, अशा हेतूने श्रीमद् राजचंद्र मिशन धरमपूर या संस्थेने हा पुतळा करवून घेतला. श्रीमद् राजचंद्र हे गांधींच्या तरुणपणी त्यांना अध्यात्माच्या बाबतीत आधार वाटणारे जैन विचारवंत होते. पुतळ्याचा खर्च कमानी कुटुंबाच्या देणगीतून झाला आणि महापालिकेने जागा दिली. २०१९ हे गांधींच्या जन्माचे दीडशेवे वर्ष होते, तेही निमित्त साधले.

राम सुतारांचे नाव आपल्याकडे आता घरोघरी माहीत आहे, कारण गुजरातमध्ये नर्मदेकाठी उभा असलेला सरदार पटेलांचा १८२ मीटर उंचीचा पुतळा त्यांच्याच कल्पनेतून उतरला. पण त्यांची सुरुवात अगदी साधी. सुतारकाम करणाऱ्या घरात जन्म, गावच्या परिसरातच श्रीराम कृष्ण जोशी या गुरूंनी चित्रकलेची दिशा दाखवली, पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिक्षण आणि तिथले मेयो सुवर्णपदक. त्यानंतर काही वर्षे त्यांनी पुरातत्त्व खात्यात अजिंठा-वेरूळच्या लेण्यांतील भंगलेल्या मूर्तींच्या डागडुजीचे काम केले. गांधी हा तर त्यांचा जन्मभराचा विषय. दिल्लीत संसदेच्या आवारातील ध्यानस्थ बसलेले गांधी त्यांचेच आणि त्यांनी केलेले गांधींचे अर्धपुतळे जगातल्या कितीतरी देशांत पोहोचले आहेत. खानदेशातल्या एका सुतारघरच्या मुलाचे काम मँचेस्टरच्या रस्त्यावर उभे राहिले, याचा अभिमान वाटावा यात गैर काही नाही.

खानदेश आणि मँचेस्टर यांची ओळख मात्र त्याआधीची आहे आणि ती कापसाची आहे. ती समजून घ्यायची तर कॅथेड्रलपासून पायीच लिंकन चौकापर्यंत जावे. ब्रेझनोज रस्त्याला लागून असलेल्या या चौकात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांचा पुतळा आहे. जॉर्ज ग्रे बार्नर्ड या अमेरिकन शिल्पकाराने तो घडवला. मूळ पुतळा सिनसिनाटी शहरात १९१७ साली बसला. त्याची दुसरी प्रत लंडनला पार्लमेंटसमोर उभी करायची ठरली होती. पण लिंकनचे ओबडधोबड हात, सुरकुतलेले कपडे आणि थकलेला चेहरा पाहून अमेरिकेत मोठा गदारोळ झाला. राष्ट्राध्यक्ष असा मजुरासारखा दाखवतात का, असा आक्षेप होता आणि आक्षेप घेणाऱ्यांत खुद्द लिंकनचा मुलगाही होता. शेवटी लंडनला दुसऱ्या शिल्पकाराचा नीटनेटका लिंकन गेला आणि हा मजुरासारखा लिंकन १९१९ मध्ये मँचेस्टरला आला. प्रथम तो प्लॅट फील्ड्स या बागेत होता, १९८६ मध्ये त्याला सध्याच्या चौकात आणले.

मँचेस्टरलाच का, याचे उत्तर चौथऱ्यावर कोरलेले आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत गुलामगिरीच्या प्रश्नावरून यादवी युद्ध पेटले आणि दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली. गुलामांनी वेचलेला तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांत येणे बंद झाले. गिरण्या थांबल्या, लाखो माणसांची रोजी गेली, घरांत चूल पेटेना. तरीही ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये कामगारांची सभा भरली आणि गुलामगिरी संपवण्याच्या बाजूने त्यांनी लिंकनला पत्र पाठवले. सगळे लँकेशायर काही एकमताचे नव्हते, दक्षिणेची बाजू घेणारेही तिथे पुष्कळ होते. पण स्वतः उपाशी असताना दुसऱ्याच्या मुक्तीसाठी हात वर करणारी माणसे त्या सभेत होती. १९ जानेवारी १८६३ रोजी लिंकनने त्यांना उत्तर पाठवून त्यांच्या धैर्याचे मोल मानले. त्या पत्रातला मजकूर आज चौथऱ्यावर वाचता येतो.

इथे आपला धागा येतो. अमेरिकेचा कापूस थांबल्यावर मँचेस्टरने मुंबईकडे तोंड वळवले. खानदेश, वऱ्हाड, गुजरात इथला कापूस जहाजे भरभरून गेला. लँकेशायरचे कामगार आखूड धाग्याच्या या सगळ्या कापसाला सरसकट ‘सुरत’ म्हणत आणि तो यंत्रावर तुटतो म्हणून वैतागत. मुंबईत मात्र पैशाचा पूर आला, शेअरचा सट्टा माजला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सगळे कोसळले. मुंबई बंदर असे कापसाच्या गासड्यांनी गजबजले होते, त्याच काळात आपले लोक मॉरिशसला चालले होते. रत्नागिरी, सावंतवाडी, कुलाबा, सातारा या भागांतून निघालेली माणसे गिरमिटावर अंगठा उठवून उसाच्या मळ्यांत कामाला जात होती. अमेरिकेतल्या गुलामाच्या सुटकेसाठी एका गावात सभा भरत होती. गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांत त्यांची जागा भरायला नेलेल्या आपल्या माणसांसाठी मात्र अशी सभा भरायला अजून जवळजवळ अर्धे शतक लागायचे होते.

कारण आपले येणे हे गुलामगिरी संपण्याशीच जोडलेले आहे. मॉरिशसमध्ये १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी बंद झाली. त्याच्या थोडे आधी, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, ‘ॲटलस’ जहाजातून हिंदुस्थानी मजुरांची पहिली तुकडी पोर्ट लुईला उतरली. सरकारला पाहायचे होते की गुलामांऐवजी करारावर आणलेल्या मजुरांकडून मळे चालतात का. प्रयोग मळेवाल्यांच्या दृष्टीने यशस्वी झाला आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत साडेचार लाखांहून अधिक माणसे या बेटावर आणली गेली. त्यांत बहुसंख्य भोजपुरी आणि तमिळ-तेलुगू मुलखातली. मुंबईहून आलेले मराठी लोक थोडे, पण त्यांनी भाषा, गणपती आणि झाकडी टिकवली. दोन्ही दिवस, १ फेब्रुवारी आणि २ नोव्हेंबर, आज आपल्या देशात सार्वजनिक सुट्टीचे आहेत, हे लक्षात ठेवून पुढे वाचावे.

आता गांधींकडे परत येऊ. त्यांचा लँकेशायरशी संबंध आला तो १९३१ मध्ये. गोलमेज परिषदेसाठी ते लंडनला आले होते. भारतातल्या परदेशी कापडाच्या बहिष्कारामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना फटका बसला होता आणि हजारो कामगार बेकार होते. सप्टेंबरच्या अखेरीस गांधी स्वतः त्या मुलखात, डार्वेन या गिरणगावाजवळ जाऊन राहिले. ज्यांची रोजी आपल्या चळवळीमुळे गेली त्यांच्याच घरांत जाऊन त्यांनी त्यांची गाऱ्हाणी ऐकली आणि भारतातल्या खेड्यांतली भूक याहून किती खोल आहे, हे त्यांना समजावून सांगितले. गिरणीबाहेर कामगार बायका त्यांच्याभोवती हसत, हात उंचावत उभ्या आहेत, तो फोटो आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. मँचेस्टरमध्ये त्यांचा पुतळा असावा, याला एवढा आधार पुरेसा आहे.

पण अनावरणाच्या आधीच, ऑक्टोबर २०१९ मध्ये, मँचेस्टर विद्यापीठातल्या विद्यार्थी प्रतिनिधींनी पुतळ्याला जाहीर विरोध केला. त्यांचे म्हणणे असे की दक्षिण आफ्रिकेतल्या आपल्या सुरुवातीच्या काळात गांधींनी तिथल्या काळ्या लोकांबद्दल अपमानकारक शब्द वापरले. हिंदी लोकांना काळ्यांच्या बरोबरीने वागवू नका, असे त्यांनी अर्जांत लिहिले. अशा माणसाला शहराच्या मधोमध मान का द्यावा? मागणी मान्य झाली नाही, पुतळा ठरल्या दिवशी उभा राहिला. त्याच्या आदल्या वर्षी, डिसेंबर २०१८ मध्ये, घाना विद्यापीठाच्या आवारातला गांधींचा पुतळा याच कारणावरून हलवला गेला होता.

आपल्या मंडळींत या बातमीवर जी पहिली प्रतिक्रिया आली ती रागाची होती. आम्हीही तिला अपवाद नव्हतो. गांधी मॉरिशसला येऊन गेले आहेत. ३० ऑक्टोबर १९०१ रोजी ‘नौशेरा’ जहाज पोर्ट लुईला लागले आणि ते सुमारे तीन आठवडे या बेटावर राहिले. मुलांना शिकवा आणि राजकारणात भाग घ्या, असे त्यांनी आपल्या लोकांना सांगितले. पुढे त्यांच्याच प्रेरणेने १९०७ मध्ये मणिलाल डॉक्टर हे वकील आले आणि कोर्टात मजुरांच्या बाजूने उभे राहिले. नाताळमध्ये मालकाने मारून दात पाडलेला बालसुंदरम् हा गिरमिटिया रक्ताने भरलेल्या तोंडाने गांधींच्या ऑफिसात आला, ती हकिगत त्यांच्या आत्मकथेत आहे. गिरमिट संपलेल्या माणसावर आणि त्याच्या कुटुंबावर तीन पौंडांचा कर होता. तो रद्द व्हावा म्हणून १९१३ मध्ये हजारो मजुरांनी संप केला आणि त्याचे नेतृत्व गांधींनी केले. १९१४ मध्ये तो कर गेला. अशा माणसाच्या पुतळ्याला विरोध ऐकून आपल्या घरात राग येणे स्वाभाविक होते.

राग ओसरल्यावर मात्र मूळ लेखन पाहावे लागले. विद्यार्थ्यांनी दाखवलेले शब्द खरे आहेत. १८९० च्या दशकातल्या आणि त्यानंतरच्या काही वर्षांतल्या गांधींच्या अर्जांत, लेखांत ते आहेत. त्यांना झाकून काही उपयोग नाही आणि ‘तेव्हा सगळेच तसे बोलत’ एवढ्यावर सोडूनही चालणार नाही. गांधी पुढे बदलले, हेही खरे. आफ्रिकेतल्या स्वातंत्र्य चळवळींनी त्यांच्या मार्गातून बळ घेतले, हेही खरे. याच मँचेस्टरमध्ये ऑक्टोबर १९४५ मध्ये पाचवी पॅन-आफ्रिकन काँग्रेस भरली होती. ती भरवणाऱ्यांत क्वामे एन्क्रुमा होते. घानाला स्वातंत्र्याकडे नेताना त्यांनी गांधींच्या अहिंसक लढ्याचा धडा पुढे ठेवला. त्याच घानाच्या विद्यापीठाने पुतळा हलवला. दोन्ही गोष्टी एकाच इतिहासात बसतात आणि त्यातली एकच निवडण्याची सवय आपण सोडली पाहिजे.

आपल्याला हे सांगण्याचे खास कारण आहे. ज्या मळ्यांत आपले पूर्वज आले, तिथे त्यांच्या आधी आफ्रिका आणि मादागास्करहून आणलेल्या गुलामांनी घाम गाळला होता. त्यांचे वंशज आज आपले शेजारी आहेत, आपल्या मुलांचे वर्गमित्र आहेत, काही घरांत तर सुना आणि जावई आहेत. त्यांच्या पूर्वजांबद्दल कोणी हीन शब्द वापरला असेल तर तो आपल्या लाडक्या पुढाऱ्याने वापरला म्हणून आपण कानावर हात ठेवावेत का? आपल्याही घरांत वडीलधारी मंडळी कधी कधी असे शब्द वापरत होती, हे आपण जाणतो. गांधींच्या पुतळ्यापुढे उभे राहून हे कबूल करता आले तर तो पुतळा आपल्या उपयोगाचा. नाहीतर तो नुसता हार घालण्यापुरता.

या वादातून आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. आपल्या गिरमिटाच्या इतिहासात आपण एकाच माणसाचे नाव घेतो आणि घरच्याच माणसाला विसरतो. रत्नागिरी जिल्ह्यात गुहागरजवळच्या कोतळूक गावी १८६६ मध्ये जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले हे आपल्या कितीतरी पूर्वजांच्या मुलखातले. कायदेमंडळात २५ फेब्रुवारी १९१० रोजी त्यांनी नाताळला मजूर पाठवणे बंद करावे असा ठराव मांडला. सरकारने तो मानला आणि १ जुलै १९११ पासून नाताळची भरती थांबली. ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी पुढचे पाऊल टाकले आणि ही गिरमिटाची पद्धतच मुळातून रद्द करा, असा ठराव आणला. एक शिकलेला आणि ताकदवान पक्ष, दुसरा अडाणी आणि अगतिक, अशा दोघांमधल्या कराराला करार म्हणता येत नाही, असा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. तो ठराव सरकारी मतांनी फेटाळला गेला. त्याच वर्षाच्या शेवटी ते स्वतः दक्षिण आफ्रिकेला जाऊन आले. १९१५ मध्ये त्यांचे निधन झाले. मार्च १९१६ मध्ये पंडित मदनमोहन मालवीयांनी तोच विषय पुन्हा आणला आणि सरकारने तत्त्व मान्य केले. मार्च १९१७ मध्ये भरती थांबली आणि १९२० च्या पहिल्या दिवशी उरलेसुरले करारही संपले. मँचेस्टरच्या रस्त्यावर गोखल्यांचा पुतळा असावा, असे आम्ही म्हणत नाही. आपल्या मुलांना त्यांचे नाव माहीत असावे, एवढेच म्हणतो.

तिसरे स्मारक विंडमिल रस्त्यालगत, मँचेस्टर सेंट्रल या मोठ्या सभागृहाजवळ आहे. तिथे कोणाचाही पुतळा नाही. १६ ऑगस्ट १८१९ रोजी जवळच्या सेंट पीटर्स फील्ड या मैदानात सुमारे साठ हजार माणसे जमली होती. ओल्डहॅम, रॉचडेल, मिडल्टन, स्टॉकपोर्ट अशा आसपासच्या गावांहून विणकर आणि कामगार आपापल्या बायकामुलांसह चालत आले होते. त्यांना पार्लमेंटात आपला प्रतिनिधी हवा होता. घोडेस्वार सैनिक तलवारी उपसून त्यांच्यात घुसले. त्यात अठरा जण मेले आणि शेकडो जखमी झाले. लोकांनी वॉटर्लूच्या लढाईवरून त्या जागेला ‘पीटर्लू’ असे उपरोधाने नाव दिले. दोनशे वर्षे या घटनेचे धड स्मारक झाले नाही. एक निळा फलक होता, त्यावर सभा लष्कराने पांगवली एवढेच सांगितले होते, माणसे मेल्याचा उल्लेख नव्हता. लोकांनी पाठपुरावा केला तेव्हा २००७ मध्ये तो फलक बदलला.

द्विशताब्दीला, ऑगस्ट २०१९ मध्ये, महापालिकेने जेरेमी डेलर या कलावंताकडून तिथे स्मारक करवून घेतले. ते म्हणजे दगडी पायऱ्यांची एक गोल, ठेंगणी टेकडी. पायऱ्यांवर मेलेल्यांची नावे आणि ती माणसे ज्या गावांहून आली त्या गावांची नावे कोरलेली आहेत. कोणीही वर चढावे आणि बोलावे, ही कल्पना. पण इथेही तक्रार आलीच. चाकाच्या खुर्चीत बसणारा माणूस वर जाऊ शकत नाही, मग सर्वांच्या हक्कांसाठी मेलेल्यांचे हे स्मारक सर्वांचे कसे? तक्रार रास्त होती आणि ती आधी ऐकली असती तर आराखडा बदलता आला असता. स्मारक करणाऱ्यांनी, म्हणजे उद्या आपणही, यातून शिकण्यासारखे आहे.

चौथे स्मारक गांधींच्या पुतळ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. अरीनाच्या स्फोटात गेलेल्यांसाठी केलेली ‘ग्लेड ऑफ लाइट’ ही लहानशी बाग २०२२ च्या जानेवारीत लोकांसाठी खुली झाली. झाडाझुडपांमध्ये पांढऱ्या संगमरवराचे एक कडे आणि त्यात बसवलेली बावीस नावे. दुसरे फार काही नाही. नातेवाईक येतात, नावावर हात ठेवतात, फूल ठेवतात. एकाच शोकातून दोन स्मारके निघाली, एक पुतळा आणि एक नावांचे कडे. पुतळ्यावर वाद झाला आणि तो चालू राहील, कारण पुतळा एका माणसाला सगळ्यांच्या वतीने उभे करतो आणि तो माणूस सगळ्यांना मान्य असेलच असे नाही. नावांच्या कड्यापुढे तसा प्रश्नच येत नाही. तिथे जो गेला तोच लिहिलेला आहे.

पीटर्लूच्या पायऱ्यांवर उभे असताना आम्हाला दुसऱ्या पायऱ्या आठवल्या. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाच्या पायऱ्या. समुद्रातून आलेले कितीतरी मजूर त्या दगडांवरून चढून आत गेले. २००६ मध्ये युनेस्कोने त्या जागेला जागतिक वारसा म्हटले. दरवर्षी २ नोव्हेंबरला तिथे फुले वाहिली जातात, भाषणे होतात. आपले स्मारक नाही असे जे म्हणतात, त्यांना आम्ही म्हणू की स्मारक आहे आणि ते कोणत्याही पुतळ्यापेक्षा खरे आहे. त्या पायऱ्यांवर नावे नाहीत, एवढेच. नावे दुसरीकडे आहेत. मोका येथे महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या आगमनाच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. प्रत्येकाला दिलेला नंबर, नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव, जिल्हा आणि जहाज यांची त्यांत नोंद आहे. काहींचे फोटोही आहेत. ज्या माणसाच्या पुतळ्यावरून मँचेस्टरमध्ये वाद झाला, त्याच्याच नावाच्या संस्थेत आपल्या आज्या-पणज्यांची नावे सांभाळून ठेवलेली आहेत, हाही इतिहासच.

त्या वह्यांत आपली नावे शोधणे सोपे नाही. मराठी नाव ऐकून कारकुनाने जसे कानावर पडले तसे लिहिले. गावाचे नाव इंग्रजी वळणाने असे बिघडले की कोकणातला माणूसही ओळखणार नाही. काही घराण्यांत बापाचे पहिले नाव हेच पुढे आडनाव झाले, त्यामुळे मूळ आडनाव हरवले. म्हणून ज्या घरात जुनी माणसे अजून आहेत, त्यांनी हे काम आताच हाती घ्यावे. आजोबा ‘आपण राजापूरकडचे’ म्हणत, की ‘मालवणकडचे’? कोणत्या मळ्यात पहिली पाच वर्षे काढली? कुलदैवत कोणते सांगत? एवढ्यावरूनही वहीतली एखादी ओळ जुळते. एक ओळ जुळली की बाकीच्या सापडतात.

आमचे मत झाले आहे ते असे. पुतळा हवा असेल तर तो जरूर व्हावा, आणि राम सुतारांसारखे हात आपल्या भाषेत निर्माण होतात ही आपली पुण्याई. पण आधी नावे. घराण्याघराण्याने आपल्या पहिल्या पूर्वजाचा नंबर, नाव, गाव आणि जहाज शोधून आपल्या सभेकडे लिहून द्यावे. ज्यांना नंबर सापडणार नाही, त्यांनी आठवणीतले नाव आणि मळ्याचे नाव द्यावे. ती यादी पुरी झाली की दगडाचा प्रश्न सोपा होईल, कारण दगडावर काय लिहायचे ते आपल्याला माहीत असेल. आणि तो दगड अशा जागी, अशा उंचीवर बसवावा की काठी टेकत आलेल्या आजीलाही, चाकाच्या खुर्चीतल्या नातवालाही त्यावर हात ठेवता येईल.

मँचेस्टरला जाल तेव्हा कॅथेड्रलबाहेर गांधींना नमस्कार करा. मग चार पावले पुढे जाऊन त्या बावीस नावांपाशीही उभे राहा. परत आल्यावर आपल्या घरातले एक नाव कागदावर लिहा आणि आम्हाला पाठवा.